ओझं टेकायचा दगड

२८ ऑक्टोबर

भात पुन्हा करपला! चुलीपुढेच बसले होते, तरी वास मला आधी आला नाही. वन्संना आला – त्यांच्या घरी. दारातूनच म्हणाल्या, "फेंगश्येन, कुठल्या डोंगरावर गेली होतीस गं?"

एरवी यावर पुढचा टोला आत्यांचा असायचा. सासूबाईंना मी आत्याच म्हणते, इकडे तशीच रीत. "डोंगरावर जायला कशाला हवं, हिच्या तोंडातच आहे की डोंगर!" मग त्या दोघी मायलेकी हसणार आणि मी खाली मान घालून पातेलं खरवडणार. हे लग्न झाल्यापासून चालू आहे.

आज आत्या काही बोलल्या नाहीत. कोपऱ्यात बसून होत्या, हात मांडीवर उताणे. परवापासून त्यांच्या तोंडून एक शब्द निघालेला नाही.

वन्सं वाट बघत थांबल्या जराशा. मग त्याही हसल्या नाहीत.

२९ ऑक्टोबर

काय झालं ते लिहून ठेवते. नाहीतर पुढे मला ते स्वप्नात पडल्यासारखं वाटायला लागेल. माझं असं होतं.

बकरी ओढ्यापलीकडे गेली होती. आत्या तिच्यामागे गेल्या आणि साकवावरून पाय घसरून पाण्यात पडल्या. पाणी गुडघाभर, पण बर्फासारखं. कोणी काढायला गेलं नाही, स्वतःच बाहेर आल्या. बकरीसुद्धा घेऊन आल्या! मी कपडे बदलले, आल्याचं पाणी दिलं. प्यायल्या. मग माझ्याकडे बघितलं – म्हणजे माझ्याकडे नाहीच, माझ्या जागी त्यांना जे दिसत होतं त्याच्याकडे. आणि गप्प झाल्या त्या झाल्याच.

गप्प! आत्या! अख्ख्या खोऱ्यात त्यांच्याइतकं स्वच्छ कोणी बोलत नाही. गेल्या हिवाळ्यात मास्तर आमच्या बोलीची अक्षरं शिकवायला आले, तेव्हा त्यांनी विचारलं, इथलं अस्सल बोलणं कोणाचं? सगळ्यांनी आत्यांकडे बोट दाखवलं. मास्तर मग आत्यांपुढे वही घेऊन बसायचे. त्या एकेक शब्द म्हणायच्या आणि मास्तर तो उतरवून घ्यायचे. त्यांचं चुकलं तर आत्या भुईमुगाची टरफलं फेकून मारायच्या.

म्हणजे मी आत्ता ज्या अक्षरांत हे लिहिते आहे, त्यांच्यातला आवाज आत्यांचा आहे.

३० ऑक्टोबर

मास्तर सांगून गेले होते, रोज चार ओळी लिहा, नाहीतर विसराल. बाकीच्या विसरल्या. मी एकटी उरले. पोरगी शनिवारी तालुक्याच्या शाळेतून येते आणि माझ्या खांद्यावरून डोकावते. "आई, चिनीत लिही ना सरळ. हे कोण वाचणार?" कोणी नाही. म्हणूनच तर.

अक्षरं फोनवर असतात तीच, इंग्रजीची. प्रत्येक शब्दाच्या शेवटी एक अक्षर असतं, ते वाचायचं नसतं. आवाज वर न्यायचा की खाली सोडायचा, एवढंच ते सांगतं. मास्तर त्याला शेपटी म्हणायचे. आमच्या मालिंगला, माझ्या माहेरी, नेमक्या उलट शेपट्या – इकडे आवाज वर जातो तिथे आम्ही खाली जातो. मी विचारलं होतं, मग मी कसं लिहू? मास्तर भले माणूस. म्हणाले, "तुमची बोलीही लोलोपोच आहे ताई, पण ही अक्षरं या खोऱ्याच्या मापाने बेतलीत. तुम्ही इकडचंच लिहा."

लिहिते. बोलते पण इकडचंच. तरी मध्येच एखादी शेपटी खाली पडते आणि सगळ्यांना मजा वाटते.

१ नोव्हेंबर

आत्यांनी दोन घास घेतले. तिसरा तोंडातच राहिला.

३ नोव्हेंबर, बाजाराचा दिवस

बाजारच्या गावातल्या डॉक्टरांनी आत्यांच्या डोक्याचा फोटो काढला. काही नाही निघालं. "वय झालंय. मन लागत नसेल. खाऊ घाला." आता कसं खाऊ घालू ते पण सांगा ना!

बाकावर वाट बघताना माझा डोळा लागला. दवाखान्यात, भर दुपारी, एवढ्या कलकलाटात! स्वप्नात पाइनची झाडं होती, धुकं होतं आणि जुन्या मिठाच्या वाटेवरचा तो दगड होता – पूर्वी हमाल पाठीवरचं ओझं टेकायचे तो. माहेरी जाताना लागतो. त्यावर एक लहान पोर बसली होती. पाय जमिनीला पोचत नव्हते. हातात उकडलेला बटाटा. मी म्हटलं, खात का नाहीस? तिने मान हलवली. तेवढ्यात नर्सने आत्यांचं नाव पुकारलं.

येताना लसूण घेतला. त्याच कोपऱ्यावरून. इथेच म्हणे आत्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं होतं. माझा नवरा चाओलिन अजून हसत सांगतो – "आई बाजारातून आली आणि म्हणाली, तुझं लग्न ठरवते. मला विचारलं सुद्धा नाही!" का ठरवलं, ते कोणालाच कळलं नाही. मी दिसायला बेताची, कामात वेंधळी, उभ्या उभ्या झोप घेणारी. सगळं बघून सवरून करणाऱ्या आत्या, आणि त्यांनी मला निवडलं! आणि निवडून जन्मभर टोचलं. माझी शेपटी पडली रे पडली की हातातलं काम टाकून म्हणायच्या, "काय म्हणालीस? परत म्हण." चार माणसांत. पाहुण्यांसमोर. माझ्या लग्नातसुद्धा! मला परत म्हणावं लागायचं. कान तापायचे. कितीदा वाटलं, या बाईचं तोंड एकदा बंद व्हावं.

झालं.

५ नोव्हेंबर

वन्संचं म्हणणं, आईचा जीव ओढ्यात राहिला आहे. घाबरलं की जीव तिथेच बसतो आणि माणूस रिकामंच घरी येतं. मलाही तेच वाटत होतं. हाक मारून आणावा लागेल.

हाक घरच्या सुनेने मारायची. दिवस मावळताना ओढ्यावर गेले. वाटीत भात, त्यावर उकडलेलं अंडं, हातावर आत्यांचं डोईचं फडकं. पाण्याकडे तोंड करून इकडच्या बोलीत हाक मारली – "चाओलिनच्या आई, घरी चला. पाण्यात बसू नका, दगडांत बसू नका. चूल पेटली आहे, भात वाढला आहे." मागे वळून न बघता हाका मारत घरापर्यंत आले. दारात वन्सं उभ्या होत्या. मी विचारलं, "आल्या का?" त्यांनी जोरात सांगितलं, "आली, आली!" मग आम्ही आत गेलो.

आत्या होत्या तशाच बसल्या होत्या. अंडं पुढे केलं. त्यांनी ते हातात घेतलं आणि नुसतंच धरून ठेवलं.

६ नोव्हेंबर

अंडं अजून तसंच. वन्संनी ते काढून घेतलं आणि म्हणाल्या, "तूच नीट हाक मारली नसशील. तुझी शेपटी तिकडची. आईला कळलंच नसेल कोण बोलावतंय."

एवढं लागलं ना मला ते! गोठ्यात जाऊन रडले.

९ नोव्हेंबर

वाट-आबांना बोलावलं. आमच्यात माणूस गेलं की ते शवाजवळ बसून त्याच्या जिवाला परतीची वाट सांगतात – ही चूल, हा उंबरा, हा उतार, ही खिंड – थेट पूर्वजांच्या गावापर्यंत. म्हणून त्यांचं नाव वाट-आबा. जिवंत माणसाचा जीव हरवला तरी तेच. कोंबडा घेऊन ओढ्यावर गेले, बराच वेळ पुटपुटले. कोंबड्याची हाडं उलटसुलट करून बघितली.

"ओढ्यात कोणी नाही," म्हणाले.

"मग कुठे आहे?" वन्संनी विचारलं.

ते आत्यांकडे खूप वेळ बघत राहिले. मग हात धुऊन निघून गेले. दारू ठेवली होती, ती पण प्यायले नाहीत.

११ नोव्हेंबर

मक्याची कणसं सोलता सोलता पुन्हा तीच पोर. या वेळी बोलली. मी विचारलं, इथे का बसलीस? तर म्हणाली, "माय म्हनली, हितं बस, मी येते. बसलीया." आणि बटाटा? "माय आली की खाईन."

जागी झाले तर सोललेली आणि न सोललेली कणसं एकाच ढिगात. पण मला दुसरंच काहीतरी आठवून कसंतरी झालं. तिचं बोलणं मालिंगचं होतं. इतकी वर्षं झाली, माझ्या स्वप्नांतसुद्धा सगळे इकडचंच बोलतात. माझी मेलेली आई पण!

तिचं वाक्य इथे उतरवायला गेले तर या खोऱ्याच्या शेपट्या त्याला बसेनात. खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी माझ्या लावल्या. मास्तर काही बघायला येत नाहीत. वाचून बघितलं तर कागदातून माहेरचा आवाज आला. मी वही मिटून टाकली.

१४ नोव्हेंबर

आत्यांना न्हाऊ घातलं. अंगात काही उरलेलं नाही. पूर्वी पाठ चोळताना ओरडायच्या, "बटाटे धुतेयस का?"

चाओलिनचा फोन आला. पंचवीस तारखेला येतो म्हणाला. कारखान्यातून रजा मिळाली आहे. आईला मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नेणार. नळीने अन्न घालतील, तिथे सगळं असतं. मी म्हटलं, तिथे त्यांच्याशी बोलणार कोण? तो म्हणाला, "ती तरी कोणाशी बोलतेय?" बरोबरच आहे त्याचं. पण तिथे नेलं तर त्या परत येणार नाहीत, हे मला कळतं आहे. जीव नसलेलं माणूस इतक्या लांब नेलं तर जीव कुठे शोधत येईल?

मला आत्या हव्या आहेत. चांगल्या वागणाऱ्या नकोत, होत्या तशाच हव्यात. मला हे आधी माहीत नव्हतं.

१६ नोव्हेंबर

वन्सं आज वाट-आबांकडे गेल्या होत्या. आईचं आता काही खरं नाही, वेळ आलीच तर तुम्ही गावात असा, एवढंच सांगायला. परत आल्या त्या पांढऱ्याफटक पडून. चुलीपाशी बसल्या. मी चहा दिला तर कप तसाच धरून राहिल्या, अगदी आत्यांसारख्या.

"आबा विचारत होते, हिची वाट कुठून सुरू करू? मी म्हटलं, कुठून म्हणजे? आमच्या चुलीपासून! सुनेची वाट नवऱ्याच्या घरचीच असते ना? तर म्हणाले, ती या घरात सून म्हणून आली नाही. पोर म्हणून आली. तिची वाट तिच्या घरापासून सांगावी लागेल, आणि ते घर मला माहीत नाही."

मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "फेंगश्येन, आबा एका दगडाचं म्हणत होते. तुझ्या माहेरच्या वाटेवर ओझं टेकायचा दगड आहे का गं?"

मी स्वप्नाचं कोणालाच सांगितलेलं नव्हतं. या वहीशिवाय कोणालाच नाही.

१७ नोव्हेंबर

मी स्वतः आबांकडे गेले. ते अंगणात ऊन खात बसले होते. मी काही विचारायच्या आतच म्हणाले, "बस. आता सांगूनच टाकतो."

उपासमारीचं साल होतं. आबा तेव्हा लहान. त्यांचे वडील आणि आमचे आजेसासरे, म्हणजे आत्यांचे सासरे, दोघे मिठाचे हमाल, आणि आबांना बरोबर न्यायचे. वरच्या डोंगरात एका बाईशी बोलणं झालं होतं – तिच्या घरी खायला काही उरलेलं नव्हतं, आमच्या घरी पोरगी हवी होती, पुढे मुलाला करता येईल म्हणून. ठरल्या दिवशी हे दगडाशी पोचले, तर पोर एकटीच बसलेली. बाई नव्हती. झाडीतून बघत असेल तर असेल, आबा म्हणाले. पोरगी यांच्याबरोबर यायला तयार होईना. माय येणार आहे, म्हणायची. आजेसासऱ्यांनी तिला मिठाच्या टोपलीवर बसवून आणलं. उतार संपेपर्यंत ती मागेच बघत होती.

"इथे आल्यावर कित्येक महिने रडायची. काय म्हणते ते निम्मं कळायचं, निम्मं नाही. पोरं नक्कल करायची तिची. मी पण करायचो. मग एका सकाळी उठली ती आमच्यासारखं बोलतच उठली. आमच्याहून चांगलं! त्यानंतर चुकूनही तिकडचा शब्द काढला नाही. तुझ्या आजेसासऱ्यांनी सगळ्यांना दम दिला होता, हा विषय काढायचा नाही, पोर पळून जाईल. मग विषय मिटलाच. आता ते माहीत असलेला मी एकटा."

"तिचं तिकडचं नाव काय होतं?"

"ते कोणी विचारलंच नाही."

"आणि बोलणं? कुठलं होतं?"

आबांनी माझ्याकडे असं बघितलं की वाटलं, मी विचारायलाच नको होतं. "तुझंच होतं," म्हणाले.

१८ नोव्हेंबर

आत्यांच्या पायांना तेल लावलं. लहान आहेत पाय, एखाद्या पोरीचे असावेत तेवढे. एका घरात इतकी वर्षं काढली, मी ते कधी बघितलेच नव्हते.

१९ नोव्हेंबर

दिवसभर डोक्यात एकच. ओढ्यात पडल्यावर जीव घाबरला, तो घराकडे आलाच नाही. घर म्हणजे त्याला आधीचं घर आठवलं. तो दगडापर्यंत गेला आणि तिथे बसला, कारण तिथेच बस म्हणून सांगितलेलं होतं. आणि आम्ही इकडे ओढ्याला हाका मारतोय – चाओलिनच्या आई! त्या पोरीला कोण चाओलिन? कोणाची आई?

२० नोव्हेंबर

वन्संना सांगितलं. दगडापासून हाक मारत आणायची, आणि मालिंगच्या बोलीत. नाव माहीत नाही, पण ते लागत नाही. आमच्याकडे सगळ्याच लहान पोरींना एक हाक असते – चिमे. कोणीही मारली तरी रस्त्यावरच्या साऱ्या पोरी वळून बघतात.

वन्संनी दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या, "गावातून तशीच ओरडत येणार? तिकडचं?" "हो." "उद्या बाजार. सगळे रस्त्यावर असतील. हसतील."

"हसू देत." असं म्हटलं खरं. नळावरच्या बायका डोळ्यांपुढे आल्या.

वन्सं उठल्या, जाता जाता म्हणाल्या, "अंडं मी उकडून ठेवते. आणि दारात मी उभी राहीन. तुला उशीर झाला तरी राहीन."

२१ नोव्हेंबर, बाजाराचा दिवस

हात दुखतोय, घसा बसलाय, पण आजचं आजच लिहायला हवं.

सकाळी निघाले. धुकं इतकं की स्वतःची पावलं दिसेनात. वाटेत दोनदा वाटलं की मी घरीच चुलीपुढे बसले आहे आणि हे सगळं मला दिसतं आहे. दुपारी दगडापाशी पोचले तेव्हा धुकं सरकलं होतं. ओझी टेकून टेकून दगडाला मध्ये खळगा पडला आहे. त्यात पाइनची पानं साचली होती. वर कोणी नव्हतं. कोण असणार!

आत्यांचं डोईचं फडकं त्यावर पसरलं. माझा हात आपोआप एका बाजूला राहिला, पोरीसाठी मधली जागा मोकळी सोडून.

तोंड उघडलं तर सवयीने इकडचंच निघालं. थांबले. घसा खाकरला. आईला आठवलं, ती संध्याकाळी खिंडीच्या तोंडाशी उभी राहून मला कशी हाक मारायची ते. आणि मग आलं –

"चिमे! ए चिमे! चल माये, घरला चल. तुजी माय यायची न्हाई गं. तिला जमलं न्हाई. तिचा राग धरू नगंस. मी आलेया. बटाटा खा आता, गार झाला. धुकं पडाय लागलंय, एकली बसू नगंस. माझा पदर धर आन् चल. चूल पेटलीया, भात वाढलाय, समदी तुजी वाट बगत्यात."

फडकं उचललं. मागे न बघता चालायला लागले. दर वळणावर हाक. प्रत्येक ओहोळापाशी सांगायचं – हितं पानी हाय, जपून. आणि मी सांगत गेले, अगदी खरं पोर मागे असल्यासारखं. पुढे पुढे तर मी पावलंसुद्धा लहान टाकायला लागले होते.

खालच्या रस्त्यावर बाजाराची माणसं लागली. एक ट्रॅक्टरवाला थांबला. "बसता का ताई? खाली लाओहे गावापर्यंत सोडतो." मी मानेनेच नाही म्हटलं. गाडीत बसले असते तर मागची मागेच राहिली असती. त्याने विचारलं, "कोण हरवलंय?"

"पोर."

"केवढी?"

"लहान आहे. दात पडायच्या वयाची."

त्याने इंजिन बंद केलं. खाली उतरला, डोंगराकडे तोंड करून दोन्ही हात तोंडाशी धरले आणि त्याच्या बोलीत, म्हणजे खोऱ्याच्या बोलीत, हाक मारली – "पोरी, ये गं! आई बोलावतेय!" मग टोपी सारखी केली आणि गेला. त्याला काहीच माहीत नव्हतं.

गावाच्या नळाशी आले तेव्हा दिवस मावळत होता. बायका पाणी भरत होत्या. सगळ्याच ओळखीच्या, सगळ्यांनी माझी शेपटी उचलून धरून हसण्यात जन्म घालवलेला. माझा आवाज आपसूक खाली यायला लागला. लाज! या वयात, अशा वेळीही! मग वाटलं, माझा आवाज बसला तर ती इथेच थांबेल, माझ्यासारखीच, या नळापाशी, या बायकांपुढे. आणि मी ओरडले. जन्मात ओरडले नव्हते इतक्या जोरात – "चिमे! घर आलं गं! ह्योच उंबरा! चल माये!"

कोणी हसलं नाही. एकीने कळशी बाजूला ओढून वाट दिली.

वन्सं दारात होत्या. मी अंगणातून विचारलं, जसं विचारायचं असतं तसं, फक्त माझ्या बोलीत – "आली का गं?"

वन्संनी तोंड उघडलं, आणि त्यांच्या आधीच आतून आवाज आला. बारीक, खरखरीत, न वापरलेला.

"आले. किती वरडतीस. ल्वॉक काय म्हनतील."

वन्सं तिथेच भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. मी आत गेले. आत्या कोपऱ्यातच होत्या, पण माझ्याकडे बघत होत्या. माझ्याकडे, माझ्या जागेकडे नाही. अंडं दिलं. त्यांनी ते सोलायची पण वाट बघितली नाही, मी घाईने टरफल काढलं. सगळं खाल्लं. आलेला जीव पुन्हा जाऊ नये म्हणून मी त्यांच्या मनगटाला लाल दोरा बांधला. बांधताना त्यांनी माझा हात धरला तो झोपल्यावरही सोडलेला नाही. मी डाव्या हाताने लिहिते आहे, अक्षरं वाकडी आली आहेत.

२२ नोव्हेंबर

वन्संनी सकाळी विचारलं, "काल आई काय म्हणाली गं? मला निम्मंच कळलं."

२५ नोव्हेंबर

चाओलिन आला. आत्यांनी त्याला आधी जेवायला घातलं, मग दवाखान्याच्या पैशांची नासाडी करायला निघाल्याबद्दल झाडलं – स्वच्छ, अस्सल, खोऱ्याच्या बोलीत. एकही शेपटी चुकली नाही. मी चुलीपुढे बसून ऐकत होते. भात करपला.

९ डिसेंबर, बाजाराचा दिवस

लसूण संपला होता. आत्या म्हणाल्या, मी पण येते. चाओलिनच्या गाडीवर मागे बसवून आणलं. त्या मला हाताला धरून लसणाच्या कोपऱ्यावर घेऊन गेल्या आणि माझ्याशी आमच्या बोलीत बोलल्या, भर बाजारात.

"हितं तू भाव करत व्हतीस. मी मीठ घ्यायला आले व्हते, सून बगायला न्हाई. तुजा आवाज कानावर आला आन् मी मागं हुबीच राह्यले. तुजं घेऊन झालं, तू गेलीस, तरी हुबी. मग तुज्या बापाकडं तुला मागितली. दुसरं काय मागाय येत न्हवतं."

मी विचारलं, "मग सगळ्यांसमोर मला 'परत म्हण, परत म्हण' का म्हणत होतात?"

आत्या लसणाची गड्डी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "येकदा ऐकून प्वाट भरत न्हवतं गं."